पाटीपुरती जागा : गुलमंडी परिसर आणि ताज्या भाजीची वाट

शहरातील एखाद्या वस्तीला ताजे अन्न कितपत सहज मिळते हे ठरवण्याचे जे मापदंड गेल्या तीन दशकांत जगभर रूढ झाले, ते बहुतेक अंतरावर आधारलेले आहेत. १९९० नंतरच्या काळात स्कॉटलंडमधील गरीब वसाहतींच्या संदर्भात ‘अन्नाचे वाळवंट’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग प्रचारात आला आणि पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याला मोजता येण्याजोगे रूप दिले. कमी उत्पन्नाच्या ज्या शहरी भागात पुष्कळ लोकांना घरापासून एक मैलाच्या, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरच्या आत सुपरमार्केट किंवा मोठे किराणा दालन सापडत नाही, तो भाग अशा वाळवंटात मोडतो, अशी ही व्याख्या आहे. दुकान एका जागी स्थिर असते आणि ग्राहक त्याच्याकडे जातो, हे तिने गृहीत धरले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी परिसराला ही फूटपट्टी लावली तर उत्तर चुकते, कारण येथे भाजी पिढ्यान्‌पिढ्या ग्राहकाकडे चालत आली आहे. कधी डोक्यावरच्या पाटीतून, कधी हातगाडीवरून, तर कधी दुकानाच्या पायरीशी अंथरलेल्या गोणपाटावरून. त्यामुळे येथील सोय मैलांनी मोजता येत नाही. विकणाऱ्याला रस्त्याच्या कडेला पाटीपुरती जागा आणि दिवसातले काही तास निर्वेधपणे मिळतात की नाही, यावर ती ठरते, आणि या परिसरातील बदल समजून घ्यायचा तर त्या पाटीपुरत्या जागेचे काय झाले हेच आधी पाहावे लागते.

गुलमंडी हा जुन्या तटबंदीच्या आतल्या शहराचा गाभा आहे. दक्षिणेला टिळक पथाने पैठण गेटकडे, पश्चिमेला औरंगपुऱ्याकडे, दुसऱ्या अंगाने मछली खडकावरून सिटी चौकाकडे आणि पुढे शहागंजाकडे जाणारे रस्ते येथे एकत्र येतात. रंगार गल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार, सराफा अशी धंद्यांची नावे धारण करणाऱ्या गल्ल्या त्याच्या आसपास दाटीने वसल्या आहेत. सुपारी हनुमानाच्या मंदिराचा हा चौक कपड्यालत्त्याच्या आणि सणासुदीच्या खरेदीसाठी साऱ्या मराठवाड्यात ओळखीचा आहे. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार, असा नावाचा सरळ अर्थ लागतो. फूल हा भाजीइतकाच नाशवंत माल आहे आणि नाशवंत मालाचा बाजार वस्तीच्या अगदी मध्यभागी असावा लागतो, ही जुन्या नगररचनेतील व्यवहारदृष्टी त्या एका शब्दात टिकून राहिली आहे. जवळच केळीबाजार आहे, अंगुरीबाग आहे, दलालवाडी आहे. आज यांपैकी बहुतेक ठिकाणी नावापलीकडे जुन्या व्यवहाराची खूण उरलेली नाही, तरीही शहराचा हा भाग एके काळी खाण्याच्या वस्तूंभोवती कसा गुंफला गेला होता, याचा नकाशा म्हणून ती नावे वाचता येतात.

या गुंफणीचे मूळ पाण्यात होते. १६१० साली मलिक अंबराने खडकी येथे नगर वसवले, तेव्हा या पठारी, खडकाळ भूमीत मोठी वस्ती पोसण्यासाठी त्याने नहर-ए-अंबरी ही भूमिगत पाटांची योजना आखली. डोंगरपायथ्याचे पाणी उताराचा फायदा घेत खापरी नळांतून आणि बांधीव पाटांतून नगरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. पुढे औरंगजेबाच्या काळात अशा आणखी नहरींची भर पडली आणि १६८२ च्या सुमारास नगराभोवती तट उभा राहिला. या पाण्यावर हवेल्यांचे आणि मशिदींचे हौद भरत, तसे बागबगीचे आणि मळेही भिजत. नगराला जोडून वसलेल्या पुऱ्यांमध्ये व खाम नदीच्या काठाला भाजीपाला पिकवणे शक्य होते, म्हणजेच पालेभाजी आणि ती खाणारा माणूस यांच्यातले अंतर पायी चालण्याइतके होते. अंगुरीबागेत आज घरांची दाटी आहे, तेथे द्राक्षांची बाग असावी हे नावच सांगते. शहर वाढले, नहरींची देखभाल सुटली, मळ्यांवर घरे आली आणि भाजीचे शेत तटाबाहेर, मग पुऱ्यांबाहेर आणि अखेर फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर, पैठण, कन्नड या तालुक्यांपर्यंत मागे सरकत गेले. शेत दूर गेले तरी ग्राहकाच्या सवयी बदलल्या नाहीत. भाजी रोज घ्यायची, थोडी घ्यायची आणि बघून घ्यायची, ही रीत तशीच राहिली.

ब्रिटिश अमलाखालच्या शहरांपेक्षा या शहराचा बाजार वेगळ्या वळणाने घडला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यात १८८६ मध्ये आजची महात्मा फुले मंडई उभी राहिली. छत, ओटे, पाणी आणि देखरेख असलेली एक भव्य इमारत, आणि साऱ्या शहराने तेथे यावे ही त्यामागची कल्पना होती. निजामाच्या राज्यातील या शहरात बाजार मुख्यत्वे रस्त्यालाच चिकटलेला राहिला. चौकात पक्की दुकाने, दुकानांच्या पुढे पायरी आणि पायरीच्या पुढे रोजचा बसणारा. या बसणाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काला मराठवाड्यात आजही तहबाजारी म्हणतात. सार्वजनिक जागेवर तात्पुरते बसून विक्री करण्याबद्दल नगरपालिकेने वसूल करायची ही रक्कम आहे. शब्द साधा आहे, पण त्यात एक महत्त्वाची मान्यता दडलेली आहे : ज्याच्याकडून रोज पावती फाडून पैसे घेतले जातात, त्याचे तेथे बसणे प्रशासनाला ठाऊक असते आणि काही अंशी मान्यही असते. पुढच्या काळात ‘अतिक्रमण’ हा शब्द त्याच माणसासाठी वापरला जाऊ लागला, तेव्हा हाती पावती असूनही हक्क नाही, अशा विचित्र अवस्थेत तो सापडला.

घाऊक व्यापाराचे सूत्र याहून निराळे होते. मराठवाड्यात धान्य-बाजाराला मोंढा म्हणतात. निजामी राजवटीत १९३० च्या सुमारास झालेल्या कृषी बाजारविषयक कायद्याने अशा मोंढ्यांच्या नियमनाला आरंभ झाला आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला, ज्यान्वये शेतमालाची पहिली विक्री बाजार समितीच्या आवारात, परवानाधारक आडत्यामार्फत आणि उघड लिलावाने होणे बंधनकारक झाले. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल स्वतः विकत न घेता त्याच्या वतीने लिलाव लावून देणारा मध्यस्थ. त्याच्या मोबदल्याला आडत म्हणतात. शहराचा जुना मोंढा जाफर गेटजवळ, म्हणजे गुलमंडीपासून फार लांब नव्हता. शहर वाढल्यावर बाजार समितीचे मोठे आवार जाधववाडीत आले आणि फळे-भाज्यांचा लिलाव तेथे होऊ लागला. मालमोटारींना रुंद रस्ते आणि मोकळे आवार हवे होते, जुन्या शहरात ते मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे हा निर्णय वाहतुकीच्या दृष्टीने योग्यच होता. मात्र घाऊक बाजार काही किलोमीटर दूर गेल्याने गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या किरकोळ विक्रेत्याच्या दिवसात एक नवा खर्च आणि एक नवी धावपळ शिरली, आणि हा बोजा अखेर भाजीच्या भावात येऊन बसला.

ही धावपळ मेथीच्या एका जुडीच्या प्रवासातून नीट समजते. पेरणीपासून महिनाभरात काढणीला येणारी मेथी शेतकरी दुपार कलल्यावर मुळासकट उपटतो, कारण भर उन्हात उपटलेली भाजी लगेच मान टाकते. मग माती झटकून, जुड्या बांधून, त्यांवर पाणी मारून आणि ओले गोणपाट टाकून त्या रात्रीच्या गाडीने निघतात. पहाटे जाधववाडीत पालेभाजीचा सौदा शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या हिशेबाने होतो. चार-पाच किरकोळ विक्रेते मिळून लोडिंग रिक्षा करतात आणि दिवस उजाडताना माल जुन्या शहरात येतो. येथे पहिले काम विक्रीचे नसते, निवडण्याचे असते : पिवळी पाने, चिखलाची मुळे, वाटेत दबलेल्या काड्या काढून जुडी पुन्हा बांधली जाते आणि तिच्यावर पुन्हा पाणी शिंपडले जाते. उपटलेली भाजीही जिवंत असते. ती श्वसन करत राहते, स्वतःमधली साखर वापरते आणि पानांवाटे पाणी गमावते, शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेत झपाट्याने घटत जाते. ओले गोणपाट हे या नाशाला आवर घालणारे सर्वांत स्वस्त साधन आहे, कारण त्यातले पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि कुटुंबे आठवड्यातील पाण्याच्या वाराचे गणित मांडून जगतात, तेथे भाजीवर दिवसातून तीन-चार वेळा मारायचे पाणीही विक्रेत्याला कुठून तरी कॅनने भरून आणावे लागते, हे भाजीच्या भावाची चर्चा करताना क्वचितच ध्यानात घेतले जाते.

देशपातळीवर झालेल्या पाहण्यांनुसार काढणी ते किरकोळ विक्री या प्रवासात फळांचे सुमारे ६ ते १५ टक्के आणि भाज्यांचे सुमारे ५ ते १२ टक्के नुकसान होते. हे आकडे सरासरीचे आहेत. पालेभाजी विकणाऱ्याला उन्हाळ्यातल्या एका दुपारी याहून मोठा फटका बसू शकतो. म्हणूनच सकाळी भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, लवकर व्हावी यासाठी तो धडपडतो आणि म्हणूनच सावलीची जागा त्याला जीव की प्राण असते. दुकानाच्या छज्ज्याखालचे तीन फूट आणि उन्हातले तीन फूट यांत बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही, पण मेथीच्या दृष्टीने तो चार तासांच्या आयुष्याचा फरक असतो.

आता या परिसरात बदलले काय, हा प्रश्न येतो. १९६१ मध्ये एक लाखाच्या आत असलेली शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेसहा लाखांजवळ आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजारांवर गेली. चिकलठाणा आणि पुढे वाळूज येथील औद्योगिक वसाहती, सिडकोने आखलेले नवे शहर आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका हे या वाढीचे टप्पे आहेत. वाढ बाहेरच्या बाजूने झाली आणि तिने जुन्या शहरातली कुटुंबे आपल्याकडे ओढली. गुलमंडीच्या आसपासच्या वाड्यांत एकत्र राहणारे भाऊ वाटण्या होऊन गारखेडा, सिडको, पुढे सातारा परिसराकडे गेले. तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर गोदाम आणि वरच्या खोलीत भाडेकरू अशी अनेक वाड्यांची नवी रचना झाली. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांमुळे आणि पुढे शिकवणी वर्ग व अभ्यासिकांमुळे औरंगपुरा, खोकडपुरा या पट्ट्यात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची वस्ती वाढली. म्हणजे दिवसा गर्दी प्रचंड, पण रात्री चूल पेटणारी घरे कमी, असा हा परिसर झाला. जे मागे राहिले त्यांत वृद्धांचे, छोट्या कारागिरांचे आणि भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. ज्यांना दूर जाऊन खरेदी करणे सर्वांत कठीण, नेमके तेच येथे उरले आहेत, आणि पायापाशी मिळणाऱ्या भाजीचे मोल त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढले आहे.

घरातील खरेदीचे ढोबळपणे दोन भाग पडतात. एक सुकामाल : धान्य, डाळी, तेल, साखर, मसाले, साबण, दुसरा ओला माल : भाजी, फळे, दूध, मांस-मासळी. सुकामाल महिन्याचा एकदम भरता येतो, साठवता येतो, आणि म्हणून तो मोठ्या दालनांच्या हाती सहज जातो. डी-मार्टसारखी दालने शहराच्या नव्या, रुंद रस्त्यांच्या भागांत आली, कारण त्यांना हजारो चौरस फुटांची सलग जागा आणि वाहनतळ लागतो. घाऊक खरेदी, रोखीचा व्यवहार आणि मालाचा जलद उठाव यांच्या बळावर ती छापील किमतीहून कमी भाव देऊ शकतात. ज्याच्याकडे दुचाकी किंवा मोटार आहे आणि महिन्याच्या सुरुवातीला तीन-चार हजार रुपये एकदम काढता येतात, त्याचा यात निश्चितच फायदा होतो. उलट रोजंदारीवरच्या कुटुंबाला पावशेर तेल आणि अर्धा किलो साखर लागते, तीही कधी उधारीवर. ही गरज गल्लीतला किराणा दुकानदारच भागवतो. त्याच्या उधारीच्या वहीला बिनव्याजी, बिनतारण कर्जाची व्यवस्था म्हणणे मुळीच अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

महिन्याची यादी बाहेर गेली, तेव्हा त्याचा परिणाम केवळ किराणा दुकानावर थांबला नाही, आणि या बदलाचा हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. किराणा दुकान आणि त्याच्या पायरीशी बसणारी भाजीवाली यांचे हित एकमेकांत गुंतलेले असते : भाजीला आलेली गृहिणी वर चढून गूळ-शेंगदाणे नेते, गुळाला आलेला कोथिंबीर घेऊन जातो, दुकानदार तिला सावली देतो, सुटे पैसे देतो, दुपारी पाटीवर लक्ष ठेवतो. दुकान किराण्याचे राहिले नाही आणि तेथे कापड, मोबाइलचे सुटे सामान किंवा नकली दागिने आले, की हे गणित उलटते. अशा दुकानाला दर्शनी भाग मोकळा हवा असतो, काचेसमोर गोणपाट नको असते आणि पायरीपुढे ग्राहकाची दुचाकी लावायला जागा हवी असते. त्यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. पण धंद्याचा प्रकार बदलला की पायरीचा उपयोग बदलतो आणि पाटीपुरती जागा कोणी न हिसकावताही नाहीशी होते. गुलमंडीच्या मुख्य रस्त्यावरून भाजी जी मागच्या गल्ल्यांकडे आणि औरंगपुऱ्याच्या बाजूला सरकली, तिचे बरेचसे स्पष्टीकरण यात आहे.

औरंगपुऱ्याची भाजी मंडई हा या परिसराचा खरा आधार होता. महापालिकेने औरंगपुरा आणि शहागंज या दोन्ही ठिकाणच्या जुन्या मंडया पाडून तेथे ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर नवी संकुले उभारायचे ठरवले. या पद्धतीत विकासक स्वतःचा पैसा घालून इमारत बांधतो, ठरलेल्या मुदतीपर्यंत तिच्यातून उत्पन्न घेतो आणि मग ती पालिकेला परत करतो. पालिकेच्या तिजोरीतून खर्च होत नाही, हा तिचा मोठा फायदा सांगितला जातो. परंतु विकासकाचे उत्पन्न गाळ्यांच्या भाड्यातून आणि प्रीमियममधून यायचे असते, आणि त्या हिशेबात भाजीचा ओटा हा सर्वांत कमी उत्पन्न देणारा भाग ठरतो. बाजारासाठी राखलेल्या जागेवर बाजारच दुय्यम होण्याचा धोका या रचनेत मुळातच आहे. संभाजीनगरात तर त्याहून अवघड प्रसंग आला : दोन्ही कामे वर्षानुवर्षे रखडली, जुने छत गेले, नवे आले नाही आणि जे विक्रेते ओट्यावर होते ते रस्त्यावर आले. ज्या रस्त्यावरची गर्दी कमी व्हावी म्हणून मंडई हवी होती, त्या रस्त्यावर मंडईच पसरली. पाऊस, धूळ, वाहनांचा धूर आणि जनावरे यांच्यामध्ये अन्न विकले जाणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे आणि विक्रेत्याच्या प्रतिष्ठेचाही.

मंडईचे नूतनीकरण कोठेही झटपट होत नाही. प्रश्न असतो तो मधल्या काळाचा. बार्सिलोना शहरात महापालिकेच्या मालकीचे सुमारे ४० अन्नबाजार आहेत आणि ते वस्त्यावस्त्यांत विखुरलेले आहेत. तेथील सांत अँतोनी हा एकोणिसाव्या शतकातील लोखंडी छताचा बाजार २००९ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला आणि २०१८ मध्ये उघडला. म्हणजे वेळ तेथेही नऊ वर्षे लागला. फरक इतकाच की, काम सुरू होण्यापूर्वी शेजारच्याच रस्त्यावर तात्पुरता मंडप उभारून विक्रेत्यांना तेथे हलवण्यात आले होते. ग्राहकाची पावले त्या मंडपाकडे वळली आणि बाजाराची सवय तुटली नाही. भाजीबाजार म्हणजे इमारत नसून सवय आहे, हे ज्यांना उमगते ते आधी सवय सांभाळतात.

कायद्याने या बाबतीत विक्रेत्याला आज पूर्वीपेक्षा बराच भक्कम आधार दिलेला आहे. १९८९ मध्ये सोदनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील विक्री हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला, व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे मान्य केले, आणि २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असावी, दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे आणि सर्वेक्षणात आढळलेल्यांना, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत, विक्रीक्षेत्रात सामावून घ्यावे असे ठरले. या कायद्यातील ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना गुलमंडीसाठी विशेष मोलाची आहे : जेथे विक्रेते आणि ग्राहक परंपरेने आपोआप एकत्र येत आले, ती जागा म्हणजे नैसर्गिक बाजार, आणि जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ अशी विक्री चालू आहे, ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. दरवाजे, मकबरे आणि लेण्यांचा वारसा जपण्याचा आग्रह या शहरात योग्यपणे धरला जातो. त्याच शहरात मेथीच्या पाटीलाही वारशाचे संरक्षण मिळू शकते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्योतीनगरकडे जाताना एका चौकात भाजीवाल्या बाईचा पुतळा आहे आणि तो चौक तिच्याच नावाने ओळखला जातो. पुतळ्यात तिला जागा देणाऱ्या शहराने रस्त्यावर बसलेल्या तिच्या बहिणींनाही ती द्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अर्थात रोजच्या बाजाराशिवाय आणखीही वाटा आहेत. जाफर गेटचा रविवारचा आणि छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार ही जुन्या शहरातील कुटुंबांची आठवड्याची बेगमी करण्याची ठिकाणे आहेत. कांदे, बटाटे, लसूण, सिल्लोडकडची हिरवी मिरची, कन्नड-खुलताबादकडची अद्रक असा टिकाऊ माल तेथून पिशव्या भरून येतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना आणली, ज्यामुळे शेतकरी गटांना शहरात थेट विक्री करता येऊ लागली. थेट विक्रीत मधले हात कमी होतात हे खरे, पण शेतकऱ्याला पेरणी-फवारणी सोडून रोज गल्लोगल्ली फिरणे परवडत नाही. तो आठवड्यातून एकदा मोकळ्या मैदानावर येऊ शकतो. आठवडी बाजार टिकाऊ मालाची गरज भागवतो, पालेभाजीची नाही. नव्या वसाहतींची अडचण नेमकी येथे आहे. सातारा-देवळाईसारख्या झपाट्याने वाढलेल्या भागांत सदनिका आधी उभ्या राहिल्या आणि मंडईच्या जागेचा विचार मागून आला, त्यामुळे तेथील रहिवासी हातगाडीची वाट पाहतो किंवा वाहन काढतो. अंतराच्या फूटपट्टीने ज्याला वाळवंट म्हणता येईल असे काही या शहरात असेल, तर ते अशा नव्या कडांवर आहे.

रोजच्या ताज्या भाजीचा आग्रह ही केवळ चवीची हौस नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. चौघांच्या कुटुंबाला हे रोज दीड किलोहून अधिक भाजीचे माप होते. फ्रीज लहान किंवा मुळीच नसलेल्या घरात एवढी भाजी आठवड्याची भरून ठेवता येत नाही. शिवाय मराठवाड्याच्या ताटातल्या कितीतरी भाज्या दालनांच्या शीतकपाटात पोहोचतच नाहीत : पावसाळ्यातला तांदुळजा, कुंजीर आणि पाथरी, हिवाळ्यात करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचा खुडलेला पाला, अंबाडी, चुका, घोळ, उन्हाळ्याच्या तोंडाला चिवळ. या भाज्यांना ठरावीक वजन नाही, वेष्टन नाही, सलग पुरवठा नाही; बांधावरून, मक्याच्या किंवा कापसाच्या ओळीतून एखादी बाई त्या खुडून आणते आणि एका दुपारपुरत्या विकते. तिचा माल जाधववाडीच्या लिलावातही सहसा जात नाही. दौलताबादकडचे सीताफळ टोपलीतून असेच थेट येते. अशा विक्रेतीला परवाना, ओटा, मासिक भाडे यांपैकी काहीच पेलणारे नसते. तिला वर्षातून काही आठवडे आणि दिवसातून काही तास बसता आले पाहिजे. विक्रेत्यांच्या सर्वेक्षणात कायम बसणाऱ्याचीच नोंद होते आणि ही हंगामी बाई सुटून जाते, तेव्हा तिच्याबरोबर त्या भाज्याही शहराच्या ताटातून सुटतात.

पैठण गेट ते गुलमंडी हा रस्ता पादचाऱ्यांसाठी अधिक सोयीचा करण्याच्या योजना गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटीच्या उपक्रमांतून पुढे आल्या आहेत. चालणाऱ्याला प्राधान्य मिळाले तर ते भाजीच्या दृष्टीनेही चांगलेच आहे, कारण दुचाकीवरून जाणारा मेथी निवडत नाही, चालणारा निवडतो. मात्र पदपथाची आखणी करताना फरशी, बाके आणि दिवे यांच्या आधी काही साध्या गोष्टी नकाशावर याव्या लागतील : कोणत्या बाजूला दुपारी सावली असते, पाण्याचा नळ कोठे देता येईल, पहाटे लोडिंग रिक्षा कोठवर येईल, आणि संध्याकाळचा कचरा, म्हणजे मुळ्या, देठ आणि पिवळी पाने, कोण उचलेल. हा पाला वेगळा गोळा झाला तर त्याचे खत होते किंवा तो शेळ्या-जनावरांना जातो. एकत्र पडला तर त्याचीच दुर्गंधी विक्रेत्याला हटवण्याचे कारण बनते.

सायंकाळी दिवे लागल्यानंतर औरंगपुऱ्याच्या बाजूला भाव उतरू लागतात. सकाळी जुडीने विकली गेलेली भाजी आता वाट्यावर येते. वाटा म्हणजे वजन न करता मांडलेला छोटा ढीग, त्यात दोन वांगी, मूठभर गवार, एक टोमॅटो आणि वरून टाकलेल्या दोन मिरच्या. खोली करून राहणारे विद्यार्थी आणि दिवसाचा पगार हाती पडल्यावर घरी निघालेले कामगार याच वेळेला येतात, कारण एका माणसाच्या एका वेळच्या भाजीएवढाच हा वाटा असतो आणि तो त्यांना परवडतो. उरलेल्या मेथीवर शेवटचे पाणी मारले जाते, गोणपाट झटकले जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या रिक्षात कोणाच्या किती पाट्या, याची बोली तेथेच उभ्या उभ्या ठरते.